ऊन नको, परंतु उन्हाचा रंग हवा

गेल्या महिन्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचें इंग्लंडांतून पत्र आलें. ती तेथील एका शहरांत पुष्कळ वर्षें नोकरी करीत आहे. तिच्या कचेरींतील एका मैत्रिणीचें लग्न ठरलें होतें, आणि लग्नापूर्वीं दोन दिवस ती मैत्रीण हिला सोबतीला घेऊन एका सलूनमध्यें गेली. आपल्याकडे अशा वेळीं नवऱ्यामुलीला हळद लावतात, डाळीचें पीठ व साय चोळतात; हेतु हा कीं, रंग उजळावा. तेथें घडलें तें याच्या नेमकें उलट. ती गोरीपान मुलगी एका उभ्या कपाटासारख्या लहानशा खोलींत शिरली, दार लागलें, आंतून फवारा उडाल्याचा आवाज आला, आणि कांहीं मिनिटांनीं ती बाहेर आली तेव्हां तिचा रंग गव्हाळ झाला होता. दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत तो आणखी चढून चांगला सांवळा झाला. कचेरींत आल्यावर तिनें आपला हात माझ्या विद्यार्थिनीच्या हाताशेजारीं धरला आणि हंसून म्हटलें, “आतां कुठें मी तुझ्याजवळ आलें!”

पत्राच्या अखेरीस एकच वाक्य निराळें होतें : “गुरुजी, त्या क्षणीं मला आपल्या शाळेचें स्नेहसंमेलन आठवलें.” त्या संमेलनांत काय घडलें होतें, तें मी शेवटीं सांगेन, कारण तें सांगण्यापूर्वीं मला स्वतःलाच एका प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें होतें. ज्या युरोपांत स्त्रिया शेंकडों वर्षें ऊन चुकवीत आल्या, तेथेंच सांवळ्या रंगासाठीं पैसे मोजण्याची वेळ कशी आली? त्या शोधांत जें हातीं लागलें, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

आपल्या मराठींत एक सुंदर क्रियापद आहे : रापणें. उन्हांत राबून माणसाचा चेहरा रापतो. या शब्दांत रंग आहे आणि कष्टही आहेत. शेतकरी, कोळी, गवंडी, वाटसरू हे रापतात. सावलींत बसून खाणारा रापत नाहीं. युरोपांतही हाच न्याय होता. गोरी, नितळ कातडी ही ‘या बाईला उन्हांत जावें लागत नाहीं’ याची जाहीर पावती होती. म्हणून ग्रीक व रोमन काळापासून तेथील सुखवस्तु स्त्रिया चेहऱ्याला सफेता लावीत. सफेता म्हणजे शिशापासून केलेली पांढरी भुकटी. शिसें हें विष आहे, आणि तें सावकाश भिनतें. त्यानें कातडी बिघडते, मग ती झांकण्यासाठीं आणखी सफेता लावावा लागतो, आणि असें हें दुष्टचक्र चालू राहतें. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडांत हा प्रघात जोरांत होता. पुढें अठराव्या शतकांत मराया गनिंग नांवाची एक विख्यात सुंदरी उमरावाच्या घरीं पडून कॉव्हेंट्रीची काउंटेस झाली. सफेत्याचा तिला अतोनात नाद होता. ती १७६० सालीं तरुण वयांतच वारली, आणि तिचा बळी या सफेत्यानेंच घेतला असें मानतात.

हा दंडक मोडला तो एकोणिसाव्या शतकांतील कारखान्यांनीं. पूर्वीं गरीब माणूस शेतावर होता. आतां तो गिरणींत, खाणींत आणि धुरानें काळवंडलेल्या गल्ल्यांत जाऊन पडला. दिवसाचे दहा-बारा तास छपराखालीं काम केल्यावर त्याला ऊन दिसणार तरी केव्हां? त्याचीं मुलें फिकट दिसूं लागलीं. याच सुमारास आगगाडी आली, आणि श्रीमंत लोक हिंवाळा काढावयास भूमध्यसमुद्राच्या किनाऱ्याला जाऊं लागले. अशा रीतीनें रंगाच्या मागचा अर्थ हळूहळू सरकूं लागला. फिका रंग कोंडलेल्या माणसाचा, आणि उन्हाचा रंग मोकळ्या माणसाचा, असा नवा हिशेब मांडला जाऊं लागला. मात्र चालत आलेली रूढि मोडावयास आणखी एका अधिकारी शब्दाची गरज होती. तो शब्द वैद्यकानें दिला.

नील्स फिन्सेन हा डेन्मार्कमधील डॉक्टर स्वतः दीर्घकाळ आजारी असे. प्रकाशाचे किरण एकत्र करून ते कातडीच्या क्षयावर सोडले असतां रोग हटतो, असें त्यानें दाखवून दिलें, आणि त्याबद्दल त्याला १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं ऑग्यूस्त रोलिए या डॉक्टरनें स्वित्झर्लंडमधील लेझँ या डोंगरी गांवीं क्षयरोग्यांसाठीं सूर्यस्नानाचें रुग्णालय काढलें. सज्ज्यांत ओळीनें मांडलेल्या खाटांवर मुलें उघड्या अंगानें ऊन घेत पडून असत, आणि त्यांचें रापलेलें अंग हें सुधारणेचें लक्षण मानलें जाई. १९१९ सालीं बर्लिनमध्यें कुर्ट हुल्डशिन्स्की यानें मुडदूस झालेल्या मुलांवर कृत्रिम किरणांचे दिवे सोडून त्यांचीं हाडें सुधारतात हें सिद्ध केलें.

या कथेंत आपल्या महाराष्ट्रालाही एक स्थान आहे. हचिसन् व शहा या दोन डॉक्टरांनीं आपल्या नाशिककडील लोकांत मुडदुसाची पाहणी करून १९२२ सालीं ती प्रसिद्ध केली. त्यांना आढळलें तें असें कीं, पडद्यांत राहणाऱ्या सुखवस्तु कुटुंबांतील आया व मुलें यांना हाडांचा विकार होई. परंतु ज्या गरीब बायका पोटाला पुरेसें नसतांही शेतांत राबत आणि मूल पाठीशीं किंवा बांधावर ठेवीत, त्यांच्या घरीं तो क्वचितच दिसे. म्हणजे ज्या सावलीची प्रतिष्ठा म्हणून जपणूक होत होती, तीच हाडें वाकवीत होती, आणि ज्या रापलेपणाची लाज वाटत होती तो रापलेपणा आरोग्याचा सोबती होता. या पाहणीची आठवण ठेवावी असें मला फार वाटतें.

वैद्यकानें दार किलकिलें केलें आणि फॅशननें तें सताड उघडलें. पॅरिसची प्रसिद्ध वेषरचनाकार कोको शानेल ही १९२३ च्या सुमारास सागरसफरीवरून रापलेल्या चेहऱ्यानें परतली आणि तिचें अनुकरण सुरू झालें, अशी कथा सांगतात. एका बाईमुळें सारें जग बदललें असें मी मानीत नाहीं. परंतु बदलत्या वाऱ्याला एक चेहरा मिळाला, एवढें खरें. १९२७ सालीं झाँ पातू या तिच्याच व्यवसायबंधूनें उन्हांत अंगाला लावावयाचें सुगंधी तेल बाजारांत आणलें. १९३५ सालीं लॉरेआल कंपनीचा संस्थापक यूजेन श्यूलेर यानें ‘आँब्र सोलेअर’ नांवाचें तेल काढलें. पाठोपाठ १९३६ सालीं फ्रान्समध्यें कायदा झाला कीं, कामगाराला वर्षांतून दोन आठवडे भरपगारी रजा मिळालीच पाहिजे. हजारों कामगार प्रथमच समुद्रकांठीं गेले आणि रापून घरीं आले. रापलेला रंग म्हणजे कष्ट, हें समीकरण तेथें पुसलें गेलें; रापलेला रंग म्हणजे सुट्टी, हें नवें समीकरण त्याजागीं आलें.

मग युद्ध आलें. रेशमी व नायलॉनचे पायमोजे मिळेनासे झाले, तेव्हां इंग्लंडांतील बायकांनीं चहाच्या पाण्यानें किंवा रश्शाला रंग आणण्याच्या मसाल्यानें पाय रंगविले आणि पोटरीवर पेन्सिलीनें शिवणीची रेघ ओढली. पाऊस आला कीं रंग ओघळे. न धुतला जाणारा, कापडाला न लागणारा तपकिरी रंग मिळेल काय, हा प्रश्न तेव्हां पुष्कळींच्या मनांत आला असेल. त्याचें उत्तर मात्र भलत्याच ठिकाणीं सांपडलें.

अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं मुलांच्या रुग्णालयाला जोडलेली एक संशोधनसंस्था आहे. तेथें १९५० नंतरच्या दशकांत ईव्हा विटगेन्स्टाइन नांवाच्या विदुषी एका दुर्मिळ आजाराचा अभ्यास करीत होत्या. या आजारांत शरीर साखर सांठवितें, परंतु सांठविलेली साखर नीटपणें मोकळी करूं शकत नाहीं. अशा मुलांना त्या डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन नांवाच्या द्रव्याचे मोठे डोस तोंडावाटें देत. नांव अवजड आहे, परंतु वस्तु साधी : ती एक अगदीं लहान साखर आहे, आणि ग्लिसरिनवर एका जातीच्या जंतूंची क्रिया घडवून ती तयार करतां येते. आजारी मुलेंच तीं. औषध कधीं सांडे, कधीं थुंकलें जाई. असे थेंब जेथें कातडीवर पडत तेथें कांहीं तासांनीं तपकिरी डाग उमटत. मात्र कपड्यांवर पडलेल्या थेंबांचा डाग होत नसे. एखाद्यानें तो डाग पुसून पुढचें काम हातीं घेतलें असतें. विटगेन्स्टाइनबाईंनीं त्या औषधाचें पाणी करून स्वतःच्या हातावर लावलें, पुन्हा लावलें, आणि दर वेळीं तोच रंग आला. १९६० सालीं त्यांनीं हा शोध एका सहकाऱ्यासह ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्याच सुमारास अमेरिकेंत हें द्रव्य घातलेलीं मलमें विक्रीस आलीं, आणि आजारी मुलांसाठीं हातीं घेतलेलें औषध निरोगी माणसांच्या हौसेच्या कामीं लागलें.

हा रंग येतो कसा, हें आपल्या स्वयंपाकघरांतील कोणालाही समजेल. तव्यावरची भाकरी खरपूस होते, पावाचा पापुद्रा तांबूस होतो, तेव्हां पिठांतील साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांत मिसळून तपकिरी द्रव्यें बनतात. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें, म्हणून तिला त्याचें नांव आहे. तव्यावर जी क्रिया विस्तवानें घडते, तीच ही छोटी साखर माणसाच्या कातडीवर विस्तवावांचून घडवून आणते. आणि कातडीवर म्हणजे तरी कोठें? अगदीं वरच्या मृत थरांत, जो बहुतेक ठिकाणीं मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षां जाड नसतो. तो थर रोज झडत असतो, म्हणून रंगही आठवड्याभरांत झडून जातो. याच्या उलट, खऱ्या उन्हानें येणारा रंग आंतून येतो. किरणांनीं जिवंत पेशींना इजा होते, आणि त्या इजेपासून बचाव म्हणून शरीर काळें द्रव्य वर पाठवितें. रापणें म्हणजे शरीरानें उघडलेली छत्रीच होय.

पहिलीं मलमें फारशीं यशस्वी झालीं नाहींत. रंग नारिंगी येई, पट्टे पडत, कोपरे व गुडघे अधिक रंगत. तेव्हां लोक दुसऱ्या वाटेला लागले. १९७० नंतर जर्मनींत फ्रीड्रिख वोल्फ यानें अतिनील किरणांचे दिवे बसविलेली निजण्याची पेटी प्रचारांत आणली, आणि लौकरच ती युरोप-अमेरिकेंतील गल्लोगल्लीं दिसूं लागली. बंद खोलींत निजून ऊन विकत घेण्याची ही सोय पुढें महाग पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें २००९ सालीं या पेट्यांची गणना मनुष्याला कर्करोग आणणाऱ्या वस्तूंच्या पहिल्या वर्गांत केली. वयाच्या ३० वर्षांपूर्वीं त्या वापरावयास आरंभ केल्यास कातडीच्या सर्वांत घातक कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनीं वाढतो असें तिनें नमूद केलें. ब्राझीलनें त्याच वर्षीं सौंदर्यासाठीं त्यांचा वापर बंद केला. सफेत्याच्या वेळीं गोऱ्या रंगासाठीं जीव गेले होते. या वेळीं तपकिरी रंगासाठीं जाऊं लागले.

या पार्श्वभूमीवर त्या फवाऱ्याच्या खोलीचा जन्म झाला. विसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस अमेरिकेंत तिचा प्रसार सुरू झाला. मीं माझ्या विद्यार्थिनीला खोदून खोदून विचारलें, तेव्हां तिनें सविस्तर लिहिलें. मैत्रिणीनें आधीं स्नान करून अंगावरचें तेल-मलम काढलें. केसांवर टोपी घातली, डोळ्यांवर झांकण लावलें, नाकपुड्यांत गाळण्या बसविल्या. तळहात, तळपाय व नखें यांना एक मलम लावलें. कारण तेथील कातडी जाड, म्हणून ती अधिक रंग पिते, आणि माणसाचें बिंग तळहातच फोडतात. मग आंत शिरून ती हात उंचावून उभी राहिली. यंत्रांतून आवाज येई, “आतां उजवीकडे वळा, आतां पाठ करा,” आणि त्याप्रमाणें चारी बाजूंनीं धुक्यासारखा फवारा बसे. त्यांत द्रव्याचें प्रमाण साधारणपणें शेंकडा दहाच्या आसपास असतें. नंतर गार हवेनें अंग सुकविलें, आणि आठ तास पाण्याला शिवावयाचें नाहीं अशी ताकीद मिळाली. वळण्याची वेळ चुकली तर काय होतें, याची गंमत अमेरिकेंतील ‘फ्रेंड्स’ या गाजलेल्या मालिकेच्या २००३ सालच्या एका भागांत दाखविली आहे. तेथील प्राध्यापकमहाशय आंकडे मोजीत बसतात, त्यांची पाठ फिरवण्याची वेळ निघून जाते, आणि पुढल्या बाजूवर पुटावर पुट चढून पाठ कोरीच राहते.

येथें सावधगिरीचे दोन शब्द सांगणें माझें कर्तव्य आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें हें द्रव्य बाहेरून कातडीला लावण्यापुरतें मान्य केलें आहे. डोळे, ओठ किंवा श्वासमार्ग यांसाठीं नव्हे. म्हणून फवाऱ्यांत उभें राहतांना तीं अंगें झांकावींत आणि श्वासावाटें फवारा आंत घेऊं नये, असें तें प्रशासन सांगतें. शिवाय हा रंग छत्रीचें चित्र आहे, छत्री नव्हे. त्याच्या भरंवशावर उन्हांत गेल्यास कातडी भाजावयाची ती भाजतेच.

आतां या साऱ्या प्रवासाकडे एकवार मागें वळून पाहूं. आरंभीं रापलेला रंग कष्टांची खूण होता, म्हणून तो टाळला. पुढें तो फुरसतीची खूण झाला, म्हणून तो मिळविला. आज त्या खोलींतून बाहेर पडणाऱ्या मुलीनें कष्टही केलेले नसतात आणि ती सुट्टीवरही गेलेली नसते. दोन्ही समयीं कातडी तीच होती, सूर्य तोच होता. सुंदर काय तें मात्र दर वेळीं सुखवस्तु माणसाच्या दिनक्रमानें ठरविलें. जें सौंदर्य चार पिढ्यांत उलटें होतें, तें कातडींत नसून पाहणाराच्या हिशेबांत असतें, असें म्हणण्यावांचून गत्यंतर नाहीं.

आपला हिशेब मात्र अजून जुनाच राहिला आहे. जर्मनींत ती दिव्यांची पेटी आली त्याच दशकांत, १९७५ सालीं, आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ हें गोरें करण्याचें मलम निघालें आणि घरोघरीं शिरलें. २०२० सालीं कंपनीनें त्या नांवांतून गोरेपणाचा शब्द काढला, परंतु आपल्या विवाहविषयक जाहिरातींतून तो निघालेला नाहीं. ज्या महाराष्ट्राचें दैवत विटेवर उभें आहे तें सांवळेंच. वारकरी त्याच्या त्याच रंगावर भाळतो आणि घरीं परतल्यावर सुनेसाठीं गोरी मुलगी शोधूं लागतो. त्या सलूनमधील बाईनें माझ्या विद्यार्थिनीकडे पाहून सौजन्यानें म्हटलें होतें कीं, तुम्हांला या फवाऱ्याची गरजच नाहीं. विद्यार्थिनी लिहिते, “माझ्या रंगाविषयीं असें वाक्य मीं जन्मांत प्रथमच ऐकलें.”

आतां त्या स्नेहसंमेलनाविषयीं. महाभारतांतील एक प्रवेश आम्ही बसविला होता आणि पात्रांची निवड माझ्याकडे होती. द्रौपदीचीं भाषणें या मुलीला सर्वांत चांगलीं येत. तिचा आवाज खणखणीत होता, उच्चार स्वच्छ होते. मीं ती भूमिका दुसऱ्या एका गोऱ्या मुलीला दिली आणि हिला पडद्यामागें उभें करून नांदी म्हणावयास लावलें. “द्रौपदी राणी होती, ती शोभली पाहिजे,” असें मीं सहकाऱ्यांना सांगितल्याचें मला चांगलें आठवतें. मुलगी तेथेंच उभी होती. श्रोतेहो, त्याच वर्षीं मी वर्गांत शिकवीत होतों कीं, द्रौपदीचें मूळ नांव कृष्णा. कारण ती वर्णानें सांवळी होती. पुस्तकांतली ओळ मला मुखोद्गत होती, परंतु डोळ्यांपुढें तीच द्रौपदी उभी राहिली तेव्हां मला ती ओळखतां आली नाहीं.

या गोष्टीला आतां कित्येक वर्षें झालीं. मीं तिला उत्तर लिहिलें आणि क्षमा मागितली. त्या पत्रांत मीं कसलेंही समर्थन केलें नाहीं, कारण समर्थन करण्यासारखें कांहीं नव्हतें. तिचें उत्तर येईल तेव्हां येईल. परंतु माझें ऐकत असलेले जे शिक्षकबंधु व भगिनी असतील, त्यांच्या शाळांतून लौकरच संमेलनांच्या तालमी सुरू होतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे कीं, पात्रें निवडतांना मुलांना एक एक करून पडद्यामागें उभें करावें, भाषण म्हणावयास सांगावें, आणि ज्याचा आवाज कसाला उतरेल त्याच्याच हातीं भूमिका द्यावी. मला हें फार उशिरां सुचलें.